उलटा फोन

१

भिकन मेला रविवारी आणि त्याचं पान मेलं सोमवारी.

माणूस मेल्याची सुरतेच्या उधना भागातल्या, मंडळाच्या धर्मादाय रुग्णालयात कुणी फारशी दखल घेतली नाही. कडोदऱ्याच्या लूमवरचा खानदेशी कारागीर, हाताला धोटा लागून पिकलेली जखम, पेनिसिलिनचं एक इंजेक्शन. चेहरा सुजला, श्वास कोंडला, संपला. अशी माणसं मरायचीच, असा साहेबलोकांचा एकूण सूर. पण त्याचं पान नाहीसं झालंय म्हटल्यावर मात्र बुधवारी बैठक बसली, चहा आला, बशीत बिस्किटंही आली. पान हे मंडळाच्या मालकीचं होतं, भिकन नव्हता.

पान म्हणजे कागद नव्हे. रुग्णालयाच्या जिन्याखालच्या खोलीत एक संगणक होता आणि उधना, डिंडोली, कडोदरा इथल्या प्रत्येक रुग्णाचं एकेक पान त्याच्या पोटात होतं. कुणाला काय झालं, कुणाला कुठलं औषध सोसत नाही, सगळं. हा कारभार उभा केला होता तेजस्विनीने. ती पॉलिटेक्निकात शिकवायची आणि आठ महिन्यांची चिऊ झोपली की उरलेला जीव इथे ओतायची. प्रोग्राम विकतचा नव्हता. परदेशातल्या काही डॉक्टरांनी आणि विद्यार्थ्यांनी तो लिहून, आतल्या ओळीन्‌ओळीसकट जगासाठी मोकळा सोडला होता. घ्या, वाचा, सुधारा, वापरा.

"फुकट ते फुकटच," व्यवस्थापक प्रभाकरराव म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत असे. "पोट उघडं टाकून बसलेला प्रोग्राम. येणाऱ्या-जाणाऱ्याने हात घालावा आणि हवं ते न्यावं. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

"कुलूप कसं बनतं हे अख्ख्या गावाला ठाऊक असलं म्हणून तुमचं कपाट उघडत नाही, प्रभाकरराव. किल्ली लागते." तेजस्विनीने कडेवरच्या चिऊच्या तोंडातून पदराचं टोक काढून घेतलं. "आणि बाहेरून येणाऱ्याला इथे एक नाही, तीन दारं आहेत."

अध्यक्ष बन्सीलालशेठ सुताचे व्यापारी. संगणक म्हटलं की त्यांना झोप यायची. तरी ते म्हणाले, "बोल पोरी, सोपं करून बोल."

तिने सोपं केलं. बाहेरचे दवाखाने फोनच्या तारेवरून आत येतात. पहिलं दार परवलीच्या शब्दाचं. दुसरं फ्लॉपीचं, तीत त्या दवाखान्याची किल्ली, जिच्याशिवाय तारेवरची अक्षरं म्हणजे नुसता कालवा. आणि तिसरं दार उलट्या फोनचं. कडोदऱ्याहून फोन आला की संगणक विचारतो, कोण? नाव ऐकतो, फोन ठेवून देतो आणि मग आपण होऊन कडोदऱ्याचा नंबर फिरवतो. म्हणजे शब्द चोरला, फ्लॉपी चोरली, तरी जो कडोदऱ्याच्या त्याच फोनपाशी बसलेला नाही, तो बाहेरच.

"झालं तर!" प्रभाकररावांनी टाळी दिल्यासारखा हात उघडला. "सोमवारी दुपारी पान पुसलं गेलं, कडोदऱ्याच्या नावाने. तुमचाच संगणक सांगतोय. तिन्ही दारं ओलांडून कोण येऊ शकतं? जी तिथे बसते ती."

मग उज्ज्वलाला आत बोलावलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. कडोदऱ्याच्या दवाखान्याची नर्स, बाळंतपणाची रजा संपवून नुकती कामावर आलेली. तिला खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नाही.

"हिने पेनिसिलिनची सूचना लिहिलीच नव्हती," डॉक्टर अजिंक्य थंडपणे म्हणाले. इंजेक्शन त्यांनीच दिलं होतं. प्रभाकररावांचे ते सख्खे भाचे. "माणूस गेल्यावर घाबरली आणि पानच उडवलं."

"मी लिखेल व्हतं," उज्ज्वला पुटपुटली. घाबरली की तिच्या तोंडी घरची अहिराणी यायची. "देवनी आन, ताई. त्याची बायको, कमल, तिनेच सांगितलं होतं मला. लाल अक्षरात लिहिलं होतं मी."

"आता कुठून दाखवणार?" प्रभाकरराव हसले. रोजची दुसरी प्रत काढायचं यंत्र दिवाळीपासून बिघडलं होतं आणि फुकटच्या मालाला दुरुस्ती कशाला, म्हणून त्यांनीच ते तसं पडू दिलं होतं. पानाबरोबर ते पूर्वी कुणी उघडलं, कुणी लिहिलं, या खुणाही गेल्या होत्या.

बन्सीलालशेठनी बिस्किट चहात बुडवलं. "मंगळवारच्या बैठकीपर्यंत थांबतो. तोवर तेजूबेन काय ते शोधेल. नाहीतर पोलिसांत देऊ."

बिस्किटाचा तुकडा गळून कपात पडला. शेठना त्याचं जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

२

डॉक्टर अजिंक्य हात धूत होते. गुरुवारी तेजस्विनी आत आली, तरी त्यांनी मान वळवली नाही.

"तुम्ही इंजेक्शनच्या आधी भिकनचं पान उघडलं होतं?"

"मॅडम, रविवारची रांग दरवाज्याबाहेर गेली होती. त्या लोकांनी घाण पट्ट्या बांधून घरी झोपायचं आणि सेप्टिक झालं की इथे यायचं. एकेकाचं पान उघडून वाचत बसू?"

"म्हणजे उघडलं नाही."

नळ बंद झाला. "उघडलं होतं. सूचना नव्हती. लिहून घ्या."

"आणि सोमवारी दुपारी?"

"सकाळपासून थिएटरात. शेठच्या बायकोचं पित्ताशय. विचारा शेठना, दाराबाहेर बाकावर बसून जप करत होते." मग चिऊकडे बघून म्हणाले, "चौकशीला मूल घेऊन येतात का हल्ली?"

"घरी ठेवलं असतं, पण मग आई बाहेर भटकते असं म्हणणारे वाढतात."

प्रभाकररावांच्या खोलीत काच लावलेलं मोठं टेबल होतं आणि त्यावर काहीही नव्हतं. कपाटाची किल्ली टेबलाच्या खणात, खण नेहमी उघडा. कपाटात प्रत्येक दवाखान्याच्या फ्लॉपीची जोडप्रत आणि परवलीचा शब्द ठेवलेला असे. आग लागली, पूर आला, तर हाताशी असावं म्हणून.

"कपाटापर्यंत कोण पोहोचतं?"

"मी. अजिंक्य. तुमचा तो मोडेम लावणारा योगराज. झाडूवाली पण येते, तिलाही धरा." ते भिंतीकडे बघून हसले. "माझ्यावर संशय असेल तर सांगून ठेवतो, मी त्या डबड्याला आजवर बोट लावलेलं नाही. लावणारही नाही. पत्र लिहायचं तर टायपिस्ट आहे माझ्याकडे."

"कडोदऱ्याला कधी गेला होतात?"

"कडोदऱ्याला?" जणू तिने त्यांना गटारात उतरायला सांगितलं होतं. "तिथे माझं काय काम? तो धूर, तो खडखडाट आणि ती विड्या फुंकणारी जमात. त्यांच्यासाठी दवाखाना काढला हेच मंडळाचे उपकार." मग त्यांची नजर पहिल्यांदाच भिंतीवरून खाली उतरली, चिऊवर आली, आणि आवाजात खरा रस भरला. "बाई, तुमचं चुकतं कुठे, सांगू? पोरींच्या हाती मुरल्या देणाऱ्या बायका तुम्ही. तुमच्या हाती दवाखान्याचा कारभार दिला, की पानं उडायचीच."

तेजस्विनी उठली. कान तापले होते. अपमान गिळताना माणूस त्याची चव घेत बसत नाही. तिनेही घेतली नाही. मात्र जिना उतरताना घशात काहीतरी टोचल्यासारखं वाटत राहिलं, माशाच्या काट्यासारखं, आणि काय टोचतंय ते काही केल्या कळेना.

३

योगराजचं दुकान रिंग रोडवर, साड्यांच्या दोन गोदामांच्या मध्ये चेपलेलं. संगणक विकायचे, भरतकामाच्या मशीनचे दुरुस्त करायचे, आणि जमलंच तर स्वतःचा दवाखान्याचा प्रोग्राम कुणाच्या तरी गळ्यात मारायचा. मंडळाने त्याचा प्रोग्राम घेतला नव्हता, कारण तेजस्विनी आडवी आली होती.

"आवो, आवो बेन! फुकटवाल्या बेन!" त्याचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं सुरती. "मला वाटलंच, कुणी घर फोडलं की पहिला कुलूपवाल्याला पकडतात."

"तुला मोडेम ठाऊक आहे, कपाट ठाऊक आहे, आणि आमचा कारभार बुडाला तर तुझा माल खपतो."

"ए तो साचुं, खरंच आहे," तो खुशीत म्हणाला. "पण बेन, डाग लावायचाच असता तर मी असा लावला असता, की तुम्हीच माझ्याकडे रडत आला असता. एक पान पुसून माझं काय भलं? मी अख्खी मशीन बंद पाडली असती."

त्याच्या निर्लज्जपणात एक प्रकारचा खरेपणा होता. तिने विचारलं, "सोमवारी दुपारी कुठे होतास?"

"घरी. सोमवारी कोण काम करतं? माझी अर्धी गिऱ्हाइकं तिकडची, कडोदरा साइडची. सोमवारी तिकडे जाऊन काय माशा मारू?" तो एकदम पेचकस शोधायला लागला, जो त्याच्या हातातच होता.

"तो उलटा फोन," तेजस्विनी सावकाश म्हणाली, "फसवता येतो का, योगराज?"

"बेन, गिऱ्हाईक आलंय."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. समोरच्या गोदामाच्या पायरीवर एक बकरी तेवढी बसली होती.

४

कडोदऱ्याला पोहोचेपर्यंत सोमवार उजाडला, कारण त्याआधी पॉलिटेक्निकाची रजा मिळेना आणि चिऊला दात येत होते. नवरा गजेंद्र बँकेच्या ट्रेनिंगला बडोद्याला. तिने चिऊला झोळीत बांधलं आणि रिक्षात बसली.

उतरली आणि क्षणभर तिला वाटलं, आपण बहिऱ्या झालो. कडोदऱ्यात रस्त्यावर उभं राहून बोलायचं तर ओरडावं लागतं. एका भिंतीआड शंभर धोटे आदळत असतात. आज काहीच नव्हतं. एक कावळा ओरडत होता आणि तो स्पष्ट ऐकू येत होता. ओट्यांवर बायका एकमेकींच्या वेण्या घालत होत्या, पुरुष पतंगाचा उरलेला मांजा गुंडाळत बसले होते. संक्रांत नुकती उलटली होती.

दिवाळीनंतर दवाखाना लूमच्या शेडशेजारी हलवला होता. नव्या जागेत तेजस्विनी पहिल्यांदाच येत होती. आत उज्ज्वला मेणबत्तीच्या उजेडात कुणाचा तरी कान तपासत होती. तिला कामावरून काढलं नव्हतं, कारण दुसरी नर्स मिळत नव्हती. चोराच्या हाती मंडळाने दवाखाना आणि औषधं दोन्ही सुखाने ठेवली होती.

"लाइट गेलीय?"

"गेली नाही ताई, नसतेच. आज सोमवार ना. स्टॅगरिंग." मग तेजस्विनीचा चेहरा बघून तिने समजावलं, "सगळ्या कारखान्यांना एकदम वीज पुरत नाही. म्हणून एकेका भागाला एकेक वार सुट्टी. उधन्याला वेगळा वार, इथे सोमवार. सकाळपासून रात्रीपर्यंत. आता आपण शेडच्याच लाइनीवर, मग आपलीपण जाते."

"दर सोमवारी? मागच्या सोमवारीही?"

"हो. लूम बंद म्हणून तर बायका याच दिवशी पोरांना घेऊन येतात. मी इथून हलत नाही."

"आणि संगणक?"

"त्याच्यावर फडकं टाकते. त्याची बॅटरी तर नुसती बंद करण्यापुरती."

तेजस्विनी बाकावर बसली. "उज्ज्वला, हे बैठकीत का नाही बोललीस?"

"वार कुणी सांगितला मला? मला आत घेतलं तेव्हा नुसतं 'तुझ्या मशीनवरून, तुझ्या मशीनवरून'. पुढे सगळे एकदम बोलायला लागले. मी माझ्या लिहिलेल्या सूचनेचंच रडत होते." तिने डोळे पुसले. "आमनं कोन आयकस, ताई?"

"फोन? फोनला वीज लागत नाही. मागच्या सोमवारी फोन वाजला होता दुपारी?"

"नाही. दिवसभर नाही. वाजला असता तर तान्ह्या पोरांनी रडून घर डोक्यावर घेतलं असतं."

म्हणजे संगणकाने कडोदऱ्याचा नंबर फिरवला, पलीकडून कुणीतरी बोललं, पान पुसलं गेलं. आणि कडोदऱ्याचा फोन वाजलाच नाही. मग तो उलटा फोन गेला कुठे?

निघताना तिला आठवलं. तिन्ही दारं ओलांडून आत येणाऱ्याला पहिल्यांदा तिचा दोन ओळींचा निरोप दिसायचा, त्या दिवसापुरता. संध्याकाळी तो आपोआप पुसला जायचा. डिंडोलीला लसींची आठवण, उज्ज्वलाला लेकीबद्दल काहीबाही. भिकनची बातमी कानावर येण्याआधी, मागच्याच सोमवारी सकाळी कॉलेजला जाता जाता तिने कडोदऱ्यासाठी एक ठेवला होता.

"माझा निरोप मग वाचलाच नाहीस तू. बोरन्हाणाचा."

"कसला निरोप? बोरन्हाण तर राहिलंच, ताई. असल्या दिवसांत कोण पोरीवर बोरं उधळतं?"

५

संध्याकाळी चिऊ झोपल्यावर तेजस्विनीने फळीवरचा पत्र्याचा डबा काढून बघितला. आत मऊ फडक्यात हलव्याचे दागिने होते. संक्रांतीनंतर लहानग्यांना काळं झबलं शिवायचं, साखरेच्या पांढऱ्या काटेरी हलव्याचे दागिने घालायचे, डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतायचे. मुलाला मुकुट-मुरली, मुलीला बिंदी-बांगड्या, अशी रीत. तिने उज्ज्वलाच्या लेकीसाठी बिंदी-बांगड्यांबरोबर मुरलीही केली होती. चोरून मिळालेल्या वेळात, चिऊला पायावर झुलवत, एकेक दाणा ओवून. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कुणीतरी रीत शिकवली असती.

फोन वाजला. नंदुरबारहून सासूबाई, सरलाबाई. चिऊच्या दातांची चौकशी, गजेंद्रच्या जेवणाची काळजी, मग, "ठेवते गं." तेजस्विनीने रिसीव्हर ठेवला. लगेच उचलून उज्ज्वलाचा नंबर फिरवू लागली. पोलिसांना घाबरू नकोस, एवढं सांगायचं होतं. नंबर पुरा झाला. आणि पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"...कॉम्प्युटरवाली म्हणे!" सासूबाईंचा आवाज, जरा लांबून. रिसीव्हर नीट न ठेवता त्या स्वयंपाकघरात वळल्या होत्या. "स्वतःचं लेकरू कडेवर लोंबकळतं आणि ही फुकट दवाखान्याची हमाली करते. माझा गजू वाळला, धुरपदाबाई. निम्मं लक्ष तारेत, निम्मं वाऱ्यात."

तेजस्विनीने रिसीव्हर आपटला, पुन्हा उचलला. तरी सासूबाईच. पुन्हा ठेवला, उचलला. "...आणि भाजीत मीठ तरी घालावं माणसाने!" तिने फिरवलेले सगळे आकडे त्या माउलीच्या कुकरवर जाऊन आपटत होते. ज्याने फोन केला, तो ठेवत नाही तोवर लाइन सुटत नाही, हे सुरतेतल्या प्रत्येक घराला ठाऊक. आपण शंभरदा ठेवा.

ती हसायला लागली. मग हसू एकदम थांबलं.

फोन करणाराच ठेवत नाही. संगणकाने फोन ठेवला असं संगणकाला वाटलं. मग त्याने उचलून कडोदऱ्याचा नंबर फिरवला, असंही त्याला वाटलं. उधन्याच्या एक्स्चेंजचा डायल टोन उशिरा यायचा, म्हणून त्याला टोनची वाट न बघता नंबर फिरवायला शिकवलं होतं. आणि पलीकडे तोच पहिला माणूस लाइन धरून बसलेला. त्याच्या मोडेमने नुसती शीळ घालायची: मी कडोदरा. तिसरं दार बंद झालंच नव्हतं. चोर उंबऱ्यावरच उभा होता.

तिने डबा झाकायला घेतला. हात मुरलीवर थांबला.

घशातला काटा कुठला होता, ते आत्ता कळलं.

६

मंगळवारी बैठकीला योगराजही होता. शेठच्या माणसाने त्याला दुकानातून उचलून आणलं होतं. भिंतीपाशी उज्ज्वला, आणि तिच्या शेजारी भिकनची बायको कमल, डोक्यावर पदर घेऊन.

"ही कशाला?" प्रभाकररावांनी कमलकडे हनुवटी उडवली.

"पान तिच्या नवऱ्याचं होतं," तेजस्विनी म्हणाली आणि चिऊला उज्ज्वलाकडे दिलं. सासूबाईंच्या कुकरच्या शिट्टीची आणि अडकलेल्या लाइनीची गोष्ट सांगून झाल्यावर ती वळली. "योगराज, तो उलटा फोन लाइन धरून फसवता येतो. तू कुणाला दाखवलं होतंस?"

योगराजने शेठकडे बघितलं, दाराकडे बघितलं. दारात शेठचा माणूस होता. "बेन, फक्त दाखवलं. दिवाळीनंतर, साहेबांच्या घरच्या कॉम्प्युटरवरून. फुकटचा माल कसा पोकळ आहे, एवढंच. माझा प्रोग्राम घ्यावा म्हणून."

"कोण होतं समोर?"

"प्रभाकरसाहेब, घर त्यांचंच. आणि डॉक्टर."

"खोटारडा दुकानदार," प्रभाकरराव म्हणाले. "तोच चोर. त्याला सगळं येतं."

"त्याला येतं, म्हणूनच तो नाही," तेजस्विनी म्हणाली. "कडोदरा सोमवारी बंद असतं. वीज नाही, लूम नाही, संगणकावर फडकं. योगराजची निम्मी गिऱ्हाइकं तिथली, तो सोमवारी त्या बाजूला फिरकतही नाही. उज्ज्वलाच्या नावावर पाप टाकायला त्याने मंगळवार निवडला असता. सोमवार कोण निवडेल? ज्याला कडोदऱ्याला कुठला वार सुट्टीचा हेही माहीत नाही. ज्याने तिथल्या माणसांसाठी दवाखाना चालवला आणि तिथल्या धुळीला बूट लागू दिला नाही."

"अरे!" बन्सीलालशेठ सरळ बसले. सूत विकणाऱ्याला हे कळायला संगणक लागत नव्हता. "सोमवारी कडोदरा बंद, हे तर पोराटोरांना ठाऊक!"

प्रभाकरराव आणि अजिंक्य, दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

"राहिले दोघं," तेजस्विनी म्हणाली. "डॉक्टर सोमवारी दुपारी थिएटरात होते."

"होता," शेठ म्हणाले. "मी दारात होतो."

"मी त्या डबड्याला बोट लावलेलं नाही," प्रभाकरराव शांतपणे म्हणाले. भिंतीकडे बघून. "शंभर वेळा सांगितलंय. तुमच्याकडे पुरावा काय? कुकरची शिट्टी?"

"नाही. तुमची जीभ." तिने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला, काचेच्या टेबलावर ठेवला आणि फडकं उलगडलं. पांढरी, काटेरी, वीतभर मुरली. "त्या सोमवारी कडोदऱ्याच्या नावाने जो आत येईल, त्याला पडद्यावर हा निरोप दिसणार होता: 'उज्ज्वला, तुझ्या लेकीच्या बोरन्हाणाला हलव्याची मुरली केलीय. मुरली काय मुलांनीच वाजवायची?' संध्याकाळी तो पुसला गेला. उज्ज्वलाने तो पाहिला नाही. तिच्याकडे वीज नव्हती. मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या घरी तेव्हा मी आणि बोलता न येणारी लेक. आणि गुरुवारी तुम्ही मला तुमच्या खोलीत काय म्हणालात, प्रभाकरराव? पोरींच्या हाती मुरल्या देणाऱ्या बायका तुम्ही."

उज्ज्वलाच्या कडेवरून चिऊने मुरलीकडे हात केला.

"बोलण्याची पद्धत असते," प्रभाकरराव म्हणाले. पण त्यांची नजर भिंतीवरून घसरली होती आणि कुठे ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं.

"असते ना. तुमची पद्धत अशी, की चोरी करायला शिरलात तरी बायकांचं लिहिलेलं वाचून नाक मुरडल्याशिवाय तुम्हाला राहवलं नाही. आणि मुरडलंत, ते बोलून दाखवल्याशिवाय पचलं नाही. गप्प बसला असतात, तर मी आज रिकाम्या हाताने आले असते."

"मामा..." अजिंक्य म्हणाले. आवाजातली सगळी इस्त्री मोडली होती. "तुम्ही म्हणालात पान आपोआप गेलं."

"तुझ्यासाठी केलं, गाढवा!" प्रभाकरराव ओरडले. "तू उघडून बघितलं असतंस तर—" आणि दात आवळले. पण वाक्य निसटून टेबलावर पडलं होतं, मुरलीच्या शेजारी.

 कमलने पदर मागे घेतला आणि उज्ज्वलाकडे नाही, तेजस्विनीकडेही नाही, थेट डॉक्टरांकडे बघितलं.

"म्हंजे लिखेल व्हतं?"

अजिंक्यनी मान खाली घातली.

"लिहिलं होतं, बाई," तेजस्विनीच म्हणाली. "लाल अक्षरात. नुसतं उघडून बघायचं होतं. कोऱ्या पानाला कोण काडी लावतं?"

कमल रडली नाही. मग एवढंच म्हणाली, "मी त्याले दारमां सांगेल व्हतं. सूई टोचाना आधी. त्यानी मन्हाकडे देखंच नही."

बन्सीलालशेठनी चहाचा कप बाजूला सारला. "पोलिसांना बोलवा," ते माणसाला म्हणाले. "आणि या बाईंना खुर्ची द्या. दोघींना. कुणाला दिसत नाही का?"

७

तिसऱ्या दाराला तेजस्विनीने रुग्णालयातलीच दुसरी लाइन मागितली. येणारा फोन एका तारेवर, उलटा फोन वेगळ्याच तारेवर; मग उंबऱ्यावर पाय रोवून कुणी कितीही उभा राहो. शेठनी सही केली आणि विचारलं, "आता सासूबाई ऐकू येणार नाहीत ना?" त्यांना एवढंच नीट समजलं होतं.

पुढच्या मंगळवारी लूम चालू होते. कडोदऱ्याहून फोन आला. संगणकाने नाव विचारलं, फोन ठेवला, दुसऱ्या तारेवरून नंबर फिरवला. जिन्याखालच्या खोलीत मोडेमची शीळ वाजली, तशी चिऊने मान वळवून दोन्ही हात हवेत उडवले. तेजस्विनी थांबली. थोड्या वेळाने तिचा टेबलावरचा फोन वाजला. मागे धोट्यांचा एवढा खडखडाट, की उज्ज्वलाला ओरडावं लागत होतं.

"ताई! वाचला निरोप! फुटली तर नाही ना मुरली?"

"नाही!" तेजस्विनीही ओरडली. "बोरं मी आणते. पण लवकर कर, डब्याला मुंग्या लागायला लागल्यात!"

"येत्या सोमवारी, ताई! लाइट नसते, पण सगळ्या बाया मोकळ्या असतात. कमलपण येते म्हणाली."